माकडताप : ओळख, कारण व शाळेचे कार्य

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या दोडामार्ग व सावंतवाडी या तालुक्यांत काजूची बोंडे पिकून गळू लागली म्हणजे प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर रिकाम्या जागा दिसू लागतात. आईबाप सकाळीच बागेत जातात आणि त्यांच्यामागून मुलेही बी वेचावयास जातात. अशा दिवसांत एखादे मूल आठवडाभर आले नाही, तर 'काजूला गेले असेल' असे म्हणून शिक्षक पुढील नाव पुकारतो. बहुतेक वेळा त्याचा तर्क खराही असतो. परंतु 2016 सालापासून या प्रदेशात अशा अनुपस्थितीस आणखी एक अर्थ संभवू लागला आहे. त्या वर्षाच्या आरंभी दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ उद्भवली आणि पुढील वर्षी बांदा परिसरातही रुग्ण आढळले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 2015 मध्ये, लगतच्या गोव्यातील सत्तरी तालुक्यात हा रोग प्रकट झालेलाच होता.

या रोगाची लागण झालेल्या शंभर माणसांपैकी सुमारे तीन ते पाच माणसे दगावतात. विषाणूचा नाश करील असे खास औषध त्यावर नाही. तरीही रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचला, त्याच्या शरीरातील पाण्याचे प्रमाण राखले गेले आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवले गेले, तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. म्हणजेच येथे सारी भिस्त वेळेवर आहे, आणि वेळ साधावयाची तर रोगाचा संशय प्रथम गावातच आला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी रुग्ण समोर आल्यावर त्यास तपासतील. परंतु कोणाचे वडील चार दिवस अंथरुणास खिळले आहेत, कोणत्या वाडीच्या वरच्या रानात माकड मरून पडले आहे, हे शाळेतील मुलांना त्यापूर्वीच ठाऊक असते. मुलांना जे ठाऊक असते ते शिक्षकास समजण्यास फारसा विलंब लागत नाही. मात्र ऐकलेल्या गोष्टीचा अर्थ त्यास कळला पाहिजे.

नावाने होणारी दिशाभूल

कर्नाटकात या रोगास 'मंगन कायिले' म्हणतात. त्याचाही अर्थ माकडाचा आजार असाच आहे. नाव सुटसुटीत आहे व लोकांच्या तोंडी बसले आहे, तेव्हा ते बदलण्याचा खटाटोप व्यर्थ होय. परंतु या नावाने जेवढे सांगितले त्याहून अधिक झाकले आहे. माकड चावल्याने, ओरबाडल्याने किंवा माकडाने उष्टावलेले फळ खाल्ल्याने हा ताप येतो अशी समजूत त्यातून पसरते. मग माकडांना दगड मारणे, त्यांच्यावर विषप्रयोग करावा असे बोलणे, इथपर्यंत मजल जाते. वस्तुस्थिती अशी आहे की माकड हे या रोगाचे पहिले भक्ष्य आहे. ज्या गोचिडाने माणसास चावून आजारी पाडले त्याच जातीच्या गोचिडाने त्याआधी माकडास ठार केलेले असते. खाणीत उतरणारे कामगार पूर्वी पिंजऱ्यात पाखरू घेऊन जात, कारण विषारी वायूने प्रथम ते पाखरू कोसळे व माणसांना सावध होण्यास अवधी मिळे. रानातील माकडाचे मरणे हे काहीसे तसेच आहे. ती आपणास मिळालेली सूचना आहे.

ही गोष्ट प्रथम उमगली ती 1957 साली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून अरण्यात माकडे मरत असल्याची, आणि त्याच सुमारास अरण्यालगतच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने पडत असल्याची वार्ता आली. पुण्यास 1952 साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तेथे गेले. तीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखली जाते. त्यांच्या मनात प्रथम जी शंका आली ती मोठी भयंकर होती. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची साथ येण्यापूर्वी जंगलातील माकडे अशीच मरतात. आशिया खंडात पीतज्वर कधीही नव्हता. तो येथे आला असता तर अनर्थ ओढवला असता, कारण तो पसरविणारा डास आपल्याकडे घरोघर आहे. सुदैवाने शंका खोटी ठरली. मृत माकडांच्या शरीरातून, रुग्णांच्या रक्तातून व रानातील गोचिडांतून जो विषाणू वेगळा करण्यात आला तो निराळाच होता. रशियाच्या अरण्यांत वसंत व ग्रीष्म ऋतूंत गोचिडांपासून पसरणारा एक मेंदूज्वर आहे. त्याच्या विषाणूशी याचे नाते जुळले. ज्या अरण्यात तो प्रथम सापडला त्या क्यासनूर अरण्याचे नाव त्यास मिळाले, आणि वैद्यकीय कागदपत्रांत आजही 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज' किंवा 'केएफडी' असाच उल्लेख असतो. आरोग्य खात्याच्या पत्रकात ही तीन अक्षरे दिसली तर तो माकडतापच समजावा.

रशियातील रोगाचा भाऊबंद शिमोग्याच्या रानात कसा आला, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तो आपल्या अंगावरील गोचिडांबरोबर आणला असावा असा एक तर्क निघाला. डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा जो मोठा अभ्यास आरंभिला, त्यास जागतिक आरोग्य संघटनेने साह्य केले त्यामागे ही शंकाही होती. पक्ष्यांवरील आरोप सिद्ध झाला नाही. मात्र पक्ष्यांविषयीचे आपले ज्ञान त्या निमित्ताने पुष्कळ वाढले. पुढे असेही मत मांडले गेले की विषाणू अरण्यात पूर्वीपासूनच असावा. माणसाने शेतीसाठी रान तोडले, त्याच्या कडेला घाणेरीची दाट झुडपे माजली, तेथे गुरे चरू लागली व गोचीड वाढले, आणि त्यामुळे एरवी दडून राहिलेला रोग उघड्यावर आला.

आरंभीची कित्येक वर्षे हा रोग शिमोगा जिल्ह्यातील काही तालुक्यांपुरताच राहिला. 1982-83 मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात त्याने मोठा हाहाकार उडविला. 2012 नंतर बंडीपूर, निलगिरी व वायनाड येथे, आणि मग उत्तरेस गोवा व सिंधुदुर्ग येथे तो आढळला. नकाशावर ही नावे शोधली तर सारी एका ओळीत, पश्चिम घाटाच्या रांगेवर येतात. पाचवीच्या वर्गात सह्याद्री शिकविताना हा एवढा भाग मुलांकडून नकाशात भरून घेण्यास हरकत नाही.

गोचिडाचा जीवनक्रम

या विषयातील खरी शिकविण्याजोगी गोष्ट गोचिडाची आहे. ती नीट समजली की ताप केव्हा येतो, कोणास येतो व कसा टाळावा, ही तिन्ही उत्तरे आपोआप मिळतात.

गुरांच्या कानात व कासेजवळ टरारून फुगलेला, एरंडाच्या बीसारखा गोचीड मुलांनी पाहिलेला असतो. गोचीड म्हणजे एवढा मोठा, अशी त्यांची कल्पना असते आणि नेमका येथेच घात होतो. माणसास माकडताप देणारा गोचीड बहुधा तिळाहूनही लहान असतो. तो याच प्राण्याच्या एका रानटी जातीचे अर्धवट वाढीचे पिल्लू होय. पायावर चढला तरी तो मातीचा कण वाटतो. पुष्कळ रुग्णांना आपणास काही चावल्याचे आठवत नाही, त्याचे कारण हेच. तेव्हा 'गोचीड चावला नाही' एवढ्या उत्तरावरून माकडतापाची शंका सोडून देऊ नये.

गोचीड हा कीटक नव्हे; तो कोळ्याच्या गोत्रातील प्राणी आहे. प्रौढ गोचिडास आठ पाय असतात. अंड्यातून बाहेर पडलेल्या अळीस मात्र सहाच पाय असतात, आणि कात टाकल्यावर आठ होतात. त्यास उडता येत नाही व उडीही मारता येत नाही. गवताच्या शेंड्यावर किंवा पानाच्या कडेवर चढून, पुढचे दोन पाय पसरून तो वाट पाहत राहतो. पुढच्या पायांवर असलेल्या इंद्रियाने त्यास जवळून जाणाऱ्या प्राण्याचा उच्छ्वास व ऊब यांची चाहूल लागते, आणि प्राण्याचा स्पर्श होताच तो त्यास बिलगतो.

रोगाचा प्रसार मुख्यतः ज्या जातीमुळे होतो तिचा गोचीड आयुष्यात तीन वेळा, तीन निरनिराळ्या प्राण्यांचे रक्त पितो. पावसाळ्यात मादी गुरांच्या किंवा रानातील मोठ्या जनावरांच्या अंगावर पोट भरते, गळून पालापाचोळ्यात पडते, तेथे हजारो अंडी घालते आणि मरते. पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, अंड्यांतून अळ्या निघतात. एका मादीच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या एकाच ठिकाणी थव्याने राहतात. त्या उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांवर, पक्ष्यांवर आणि माकडांवर चढतात. ज्या प्राण्यावर चढल्या त्याच्या रक्तात विषाणू असेल तर तो अळीच्या पोटात जातो, आणि तिने कात टाकली तरी शरीरात टिकून राहतो. डिसेंबर-जानेवारीपासून या अळ्यांची पिल्ले होतात. मे महिन्यापर्यंत पालापाचोळ्यात त्यांचाच सुळसुळाट असतो. माणसास चावते ते बहुतकरून हेच पिल्लू. दुसरे रक्त पिण्यासाठी चढताना, पहिल्या रक्ताबरोबर मिळालेला विषाणू ते माणसाच्या किंवा माकडाच्या अंगात सोडते.

आता हा काळ आणि कोकणातील कामांचा काळ शेजारी ठेवून पाहावा. भाताची कापणी आटोपली की तरवा भाजण्यासाठी व गुरांच्या गोठ्यात अंथरण्यासाठी रानातून पातेरा गोळा करावयाचा, कवळ तोडावयाचा, पावसाळ्याची लाकडे आणावयाची आणि काजूची बी वेचावयाची ही सारी कामे जानेवारी ते मे या महिन्यांतली. पातेऱ्याचा भारा डोक्यावरून आणताना बाई त्यातील गोचीड केसांत, मानेवर व घरात घेऊन येते. ज्या महिन्यांत गोचिडाचे पिल्लू पाचोळ्यात टपून असते, त्याच महिन्यांत माणसाचा हात पाचोळ्यात असतो. यात माणसाचा दोष नाही. पोटासाठी त्यास जावेच लागते. 'रानात जाऊ नका' असा उपदेश वर्गात करणे सोपे आहे, परंतु ज्याच्या घरची वर्षाची बेगमी काजूवर आहे त्या मुलाने तो घरी जाऊन कोणास सांगावा?

गुरांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. गुरांना या रोगाने ताप येत नाही व गुरांच्या रक्तातून तो पसरल्याचेही दिसत नाही. परंतु रानात चरून आलेली गुरे गोचिडांना खाद्य पुरवितात आणि त्यांना अंगावरून गोठ्यापर्यंत वाहून आणतात. म्हणून गुरांच्या अंगावरील गोचिडांवर पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणून लावणे हे मनुष्याच्या आरोग्याचेही काम ठरते.

ताप कसा ओळखावा

गोचीड चावल्यापासून साधारणपणे तीन ते आठ दिवसांत ताप येतो. तो हळूहळू चढत नाही. सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी थंडी वाजून, कपाळात असह्य कळा घेऊन परत येतो. कंबर, पोटऱ्या व मान यांत इतके दुखते की कूस बदलणे नकोसे होते. डोळे लाल होतात. उलट्या, जुलाब व खोकला होऊ शकतो. ग्लानी फार येते. तीन-चार दिवसांनंतर काही रुग्णांच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते, उलटी किंवा शौच यांतून रक्त पडते. रक्त दिसले की क्षणाचाही विलंब न लावता रुग्णास रुग्णालयात न्यावे. अर्थात त्या दिवसाची वाट पाहणे हीच चूक होय.

या लक्षणांवरून खात्री करून देणे वैद्यासही कठीण आहे, मग शिक्षकाने निदान करू पाहू नये हे उघडच आहे. हिवताप, डेंगी, लेप्टोस्पायरोसिस यांतही अंग असेच मोडून येते. शिक्षकाने फक्त तीन गोष्टी जोडून पाहाव्यात : ताप एकाएकी आला काय, महिना डिसेंबर ते मे यांतला आहे काय, आणि रुग्ण मागील आठ-दहा दिवसांत रानात, काजूच्या बागेत किंवा पातेऱ्यात गेला होता काय. लेप्टो जिल्ह्यास चांगलाच परिचित आहे, परंतु तो पावसाळ्यातला, चिखलपाण्यातला रोग. माकडताप कोरड्या पानांचा आहे. तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आले तर रुग्णास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे, आणि तेथे 'ताप आला' एवढेच न सांगता 'रानात गेलो होतो' हेही आवर्जून सांगावयास लावावे. हे एक वाक्य सांगितल्याविना राहते आणि रक्त भलत्याच रोगासाठी तपासले जाते. रक्तातील विषाणू ओळखण्याची तपासणी पहिल्या काही दिवसांत अधिक उपयोगी पडते. नंतर रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांवरून रोग ओळखावा लागतो.

डोके दुखते म्हणून दुकानातून अॅस्पिरिनची किंवा तीव्र वेदनाशामक गोळी आणून घेण्याची सवय खेड्यापाड्यांत आहे. या तापात रक्तस्रावाचा धोका असल्याने अशा गोळ्या अपायकारक ठरू शकतात. वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेलेच औषध घ्यावे आणि पेज, पाणी, सरबत भरपूर द्यावे.

बहुतेक रुग्णांचा ताप एक ते दोन आठवड्यांत उतरतो. अशक्तपणा मात्र पुष्कळ दिवस रेंगाळतो. परंतु काही रुग्णांत, शंभरांत दहा ते वीस जणांत, ताप उतरून एक-दोन आठवडे बरे गेल्यानंतर पुन्हा उलटतो. हा दुसरा ताप मेंदूवर परिणाम करतो. प्रचंड डोकेदुखी, मान ताठणे, हातांस कंप, भोवळ, दृष्टीस अंधारी आणि असंबद्ध बोलणे अशी लक्षणे त्यात दिसतात. घरच्यांना वाटते, आजार तर बरा झाला होता, आता हे बाहेरचे काहीतरी लागले. मग गाऱ्हाणे घालण्यात व अंगारा लावण्यात दिवस जातात. ज्याने पहिला ताप पाहिला आहे त्याने दुसऱ्या तापाची शक्यता घरच्यांना आधीच सांगून ठेवली पाहिजे. घरचे कोणी गाऱ्हाणे घालणारच असतील तर त्यांच्याशी वाद न घालता, ते वाहन येईपर्यंत उरकावे, एवढे सांगणे अधिक फलदायी होते.

हा रोग माणसापासून माणसास लागत नाही. हे वाक्य वर्गात दोनदा सांगावे. ज्या घरात माकडताप झाला त्या घरच्या मुलाशेजारी बसावयास इतर मुले तयार होत नाहीत, पोषण आहाराच्या पंक्तीत त्यास बाजूला बसविले जाते, असे होऊ लागले तर तेथे शिक्षकाने स्वतः त्या मुलाशेजारी बसून जेवावे. भाषणापेक्षा ते लवकर समजते.

वर्गातील पाठ

परिसर अभ्यासाच्या तासिकेत हा पाठ तिसरीपासून पुढे सहज घेता येतो. फळ्यावर मोठे वर्तुळ काढून त्यावर बारा महिने मांडावेत. आतल्या बाजूस गोचिडाच्या अवस्था आणि बाहेरच्या बाजूस घरची कामे मुलांकडूनच वदवून घ्यावीत. कापणी केव्हा, पातेरा केव्हा, काजू केव्हा, हे शिक्षकापेक्षा मुलांना अधिक ठाऊक असते. दोन्ही वर्तुळे भरून झाली की 'कोणत्या महिन्यांत सावध राहावे?' हा प्रश्न विचारण्याचेही कारण उरत नाही.

एका गोष्टीपासून मात्र शिक्षकांनी स्वतःस आवरावे. प्रत्यक्ष वस्तू दाखवून शिकवावे हे अध्यापनशास्त्राचे तत्त्व मान्य आहे, आणि 'उद्या येताना पिंपळाचे पान आणा, चिमणीचे पीस आणा' असे सांगण्याची शिक्षकास सवय असते. गोचीड आणावयास कधीही सांगू नये. मुले ते काम मोठ्या हौसेने करतील व आगपेटीत भरून आणतील. येथे खडूने काढलेले चित्र प्रत्यक्ष वस्तूपेक्षा श्रेष्ठ आहे. गुरांच्या अंगावरील गोचीड बोटांनी चिरडू नये, हेही याच वेळी सांगावे.

अंगावर गोचीड चिकटलेला आढळला तर काय करावे, याचे प्रात्यक्षिक मात्र द्यावे. त्यासाठी कापडास चिकटविलेला तीळ व चिमटा एवढे साहित्य पुरते. चिमट्याने गोचिडास कातडीच्या अगदी लगत धरून, न पिळता, सरळ व संथ ओढावे. जागा साबणाने धुवावी. विडीचा चटका देणे, रॉकेल किंवा चुना लावणे हे उपाय घरोघर सांगितले जातात, परंतु त्यांनी गोचीड उत्तेजित होऊन लाळ अधिक सोडण्याचा संभव असतो, म्हणून ते टाळावेत.

रानात जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, आणि आरोग्य खात्याकडून मिळणारे डीएमपी तेल उघड्या भागांस लावावे. तेल उकाड्यात चिकचिकते व घामाने निघून जाते, त्यामुळे बाटली कोनाड्यातच राहते. ते पुन्हा पुन्हा लावावे लागते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रानात पाचोळ्यावर बसू अगर निजू नये. घरी आल्यावर कपडे बाहेरच उतरवून कढत पाण्यात टाकावेत, साबणाने स्नान करावे, आणि काखा, जांघा, कानामागे व केसांत गोचीड पाहावेत. लहान मुलांच्या बाबतीत हे आईने किंवा आजीने करावे. उवा पाहण्याची कला त्यांना असतेच.

लशीविषयी गावकरी विचारतील. कर्नाटकात 1990 पासून एक लस वापरली जात होती व आपल्या जिल्ह्यातही ती देण्यात आली होती. कालांतराने तिची परिणामकारकता घटल्याचे आढळून 2022 मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. नव्या लशीसाठी प्रयत्न चालू आहेत. तूर्त कपडे, तेल व स्नान हीच लस समजावी.

मृत माकड आढळल्यास

मेलेले माकड प्रथम दृष्टीस पडते ते बहुधा मुलांच्या. लालतोंडी माकडे व काळतोंडी वानरे दोन्ही या रोगाने मरतात. आता येथे गोचिडाची एक सवय लक्षात ठेवावयास हवी. प्राणी जिवंत असेतो गोचीड त्याच्या अंगास चिकटून असतो. शरीर थंड पडू लागले की तो ते सोडून खाली उतरतो. विषाणू असलेले शेकडो गोचीड त्या एका झाडाखाली जमतात. म्हणून माकडाच्या देहाइतकीच, किंबहुना अधिक, ती जागा धोक्याची असते, आणि देह उचलून नेल्यावरही ती धोक्याचीच राहते. काठीने ढोसण्यासाठी किंवा नुसते पाहण्यासाठीही मुलांनी तेथे जाता कामा नये.

वानर हा मारुतीचा अवतार मानून त्यास खांदा देऊन, भजन म्हणत, पुरण्याची चाल महाराष्ट्रात अनेक गावांत आहे. या भावनेची टर उडविणाऱ्या शिक्षकाचे पुढील कोणतेही म्हणणे गाव ऐकणार नाही. पण शिक्षकाने गप्पही राहू नये. गावातील वडीलधाऱ्यांशी, पुजाऱ्याशी व सरपंचांशी ही गोष्ट मृत्यू घडण्यापूर्वीच, डिसेंबरात, बोलून ठेवावी. देहास हात लावण्यापूर्वी वन खाते व पशुवैद्यकीय अधिकारी यांना येऊ द्यावे. ते तपासणीसाठी नमुने घेऊन देहाची सुरक्षित विल्हेवाट लावतील आणि आरोग्य कर्मचारी भोवतालच्या जमिनीवर कीटकनाशक भुकटी टाकतील. नमस्कार व भजन देवळात करावे. शवाजवळ मुलेबाळे नेऊ नयेत. वानरावर प्रेम असेल तर त्याच्या मरणाचे कारण शोधू देणे हाही त्याचा मान राखण्याचाच मार्ग आहे, असे सांगितल्यास जुनी माणसे सहसा नाकारीत नाहीत.

प्रत्येक मृत माकड या रोगानेच मेलेले असते असे नाही. विजेच्या तारा, कुत्री व रस्त्यावरील वाहने यांनीही माकडे मरतात. तो निवाडा शिक्षकाने करू नये. वाडीचे नाव, जवळची खूण, पाहिल्याची तारीख व माकडांची संख्या एवढे लिहून घेऊन त्याच दिवशी वनरक्षक व आरोग्य केंद्र या दोहोंस कळवावे. बातमी आणणाऱ्या मुलास रागे भरू नये, नाहीतर पुढचे माकड शाळेस कळणार नाही. त्याच वाडीत पुढील दोन-तीन आठवड्यांत कोणास ताप आला, तर आशा सेविकेस व आरोग्य केंद्रास तेही कळवावे.

माकडतापातून उठलेले मूल शाळेत परत येईल तेव्हा ते दुबळे झालेले असेल. त्याच्याकडून कवाईत करवू नये व बुडालेल्या अभ्यासासाठी त्यास ताटकळत बसवू नये. पहिले पंधरा दिवस त्याचे अक्षर पाहावे. हात कापू लागला, डोके दुखते म्हणून ते बाकावर मान टाकू लागले किंवा फळा दिसत नाही असे म्हणू लागले, तर पालकांना त्याच दिवशी बोलवावे. हजेरीपटाच्या शेऱ्यात त्याच्या तापाच्या दोन तारखा, आल्याची व उतरल्याची, लिहून ठेवाव्यात. दुसरा ताप आलाच तर आरोग्य केंद्रात त्या लागतील, आणि घाबरलेल्या आईस त्या वेळी त्या आठवतीलच असे नाही.